संमिश्र पाटा-स्प्रिंग

संमिश्र पाटा-स्प्रिंग ही मोटार वाहनांच्या सस्पेन्शनमध्ये पोलादी पाट्यांऐवजी वापरली जाणारी स्प्रिंग होय. ती बहुधा काचतंतू आणि इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन रेझीन यांपासून साच्यात घडवितात. तेवढाच भार पेलणाऱ्या पोलादी पाट्यांच्या तुलनेत तिचे वजन जोडांसह साधारणतः ६० ते ८५ टक्क्यांनी कमी भरते. ती गंजत नाही आणि पाट्यावर पाटा घासून होणारा करकराटही तिच्यात नसतो. असे असूनही, चार दशकांहून अधिक काळ व्यापारी उत्पादनात असलेली ही स्प्रिंग भारतीय मालवाहू वाहनांत अपवादानेच दिसते. त्याचे कारण पदार्थाच्या बळात नसून स्प्रिंगच्या टोकांत, वाहनावर प्रत्यक्ष चढणाऱ्या भारात आणि दुरुस्तीच्या व्यवस्थेत शोधावे लागते. प्रस्तुत लेखात हा विचार शक्य तेथे भंडारा जिल्ह्याच्या, विशेषतः साकोली परिसराच्या, संदर्भाने केला आहे. स्प्रिंगच्या पोलादाचा कारखाना आणि अवजड वाहतुकीचा महामार्ग ही दोन्ही या एकाच जिल्ह्यात आहेत.

नाव

गॅरेजच्या बोलीत या स्प्रिंगला ‘पाटा’ आणि संपूर्ण जुडग्याला ‘पाटे’ म्हणतात. पूर्व विदर्भात हिंदीच्या सान्निध्यामुळे ‘कमानी’ हा शब्दही चालतो. ‘संमिश्र’ हे विशेषण मिश्रधातूशी जोडू नये. मिश्रधातूत घटक वितळून एकजीव होतात, तर संमिश्र पदार्थात तंतू आणि त्यांना धरून ठेवणारा पदार्थ अखेरपर्यंत वेगळे राहतात व आपापले काम करतात. तंतू भार ओढतात. रेझीन त्यांना जागेवर ठेवते आणि एका तंतूवरचा भार शेजारच्या तंतूकडे पोचविते. बोलीतील ‘फायबर’ या शब्दामुळे मोटारसायकलचे तडकणारे मडगार्ड डोळ्यांपुढे येते. तेथे तंतू आखूड, विखुरलेले किंवा मुळीच नसतात. स्प्रिंगमध्ये ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड व समांतर असतात, आणि सगळा फरक तेथेच पडतो.

पूर्वरूप : कावड

तंतुमय संमिश्र पदार्थाची स्प्रिंग ही कल्पना भारतीय वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. खांद्यावरची बांबूची कावड ही तशीच स्प्रिंग आहे. तिच्या मध्याला खांद्याचा आधार असतो, दोन्ही टोकांना भार असतो आणि चालण्याच्या लयीबरोबर ती वाकते व सावरते. पाटा-स्प्रिंगचीही मांडणी हीच असून ती फक्त उलटी धरलेली असते : मध्याला चाकांचा आस आणि टोकांना गाडीचा सांगाडा. बांबूत निसर्गतःच लांबीच्या दिशेने धावणारे सेल्युलोजचे तंतू लिग्निनमध्ये रुतलेले असतात आणि बाहेरच्या, सालीकडील भागात ते अधिक दाट असतात. वाकणाऱ्या वस्तूत सर्वांत जास्त ताण बाहेरच्याच थरांवर येतो. म्हणजे माल जेथे हवा तेथेच निसर्गाने तो ठेवलेला आहे. कावडीची हानी कशी होते हेही लक्षात घेण्याजोगे आहे. बांबू बहुधा एकदम दोन तुकडे होऊन पडत नाही, तो उभा चिरत जातो. काचतंतूंची स्प्रिंगही पुष्कळदा अशीच निकामी होते.

पाट्यांचे कार्य

पाट्यांचे जुडगे कसे बनते हे समजण्यासाठी समभुज चौकोनाच्या आकाराचा, मध्यभागी रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता होत जाणारा एक पोलादी पत्रा कल्पावा. मध्यावर आधार देऊन टोकांवर भार टाकल्यास त्याच्या संपूर्ण लांबीत जवळपास सारखेच प्रतिबल निर्माण होते. कोणताही भाग आळशी राहत नाही. मात्र एवढा रुंद पत्रा गाडीखाली मावत नाही. म्हणून त्याच्या लांबीच्या दिशेने पट्ट्या कापून त्या एकावर एक रचल्या, की तयार होते ते आपले नेहमीचे जुडगे. सर्वांत लांब तो मुख्य पाटा, आणि पुढचे क्रमाने आखूड. मध्यातून जाणारा सेंटर बोल्ट पाट्यांना सरकू देत नाही आणि यू-बोल्ट त्यांना आसावर आवळून धरतात. मुख्य पाट्याची टोके गुंडाळून वेटोळी केलेली असतात. त्यांत बुश बसवून एक टोक सांगाड्याला थेट, तर दुसरे शॅकलमार्फत हलते जोडतात.

पाटे केवळ धक्के सोसत नाहीत. गुंडाळीच्या स्प्रिंगला आस जागेवर ठेवण्यासाठी वेगळे दांडे लागतात. पाट्यांच्या गाडीत ते काम पाटेच करतात. ब्रेक दाबल्यावर आसाला बसणारा पीळ, वळणावरचा आडवा रेटा आणि इंजिनाकडून येणारी ओढ हे सर्व पाट्यांतूनच सांगाड्याकडे जाते. स्वस्तपणा व साधेपणा यांमुळे पाटा-स्प्रिंग ट्रकच्या मागील आसावर आजही टिकून आहे. संमिश्र पदार्थाची खरी अडचणही या बहुगुणीपणातूनच उद्भवते, हे पुढे दिसेल.

पोलादी पाट्याचे गुणदोष

स्प्रिंगच्या पोलादात साधारण ०.५ ते ०.६५ टक्के कार्बन असून सिलिकॉन, मँगॅनीज, क्रोमियम किंवा व्हॅनेडियम गरजेप्रमाणे मिसळलेले असतात. पट्टी सुमारे ८५० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तिला कमान देतात, तेलात बुडवून कडक करतात, पुन्हा मध्यम तापमानाला तापवून ठिसूळपणा घालवितात आणि शेवटी पृष्ठभागावर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करतात. त्या माऱ्याने वरचा थर दाबलेल्या अवस्थेत राहतो व भेग सुरू होण्यास विरोध करतो. भारतात वाहनांच्या पाटा-स्प्रिंगसाठी ‘आयएस ११३५’ हे मानक आहे.

भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातील वरठी येथे सनफ्लॅग आयर्न अँड स्टील या कंपनीचा विशेष पोलादाचा कारखाना असून मोटार उद्योगाला लागणारे स्प्रिंग-पोलाद हा तेथील उत्पादनांचा एक भाग आहे. वरठीहून साकोलीकडे येताना, लाखनी तालुक्यातील गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना लागतो. तेथे ट्रक-बससाठी गिअरबॉक्स बनतात. म्हणजे वाहनाचे वजन कमी करण्याचा प्रश्न या जिल्ह्यापुरता केवळ ग्राहकाचा नाही. पाट्यातील पोलाद घटले, तर त्याचा परिणाम वरठीसारख्या ठिकाणच्या मागणीवरही होऊ शकतो.

पोलादी जुडग्याचा पहिला दोष वजनाचा. दुसरा दोष घर्षणाचा : पाटे एकमेकांवर घासतात, त्यांच्यामध्ये माती व पाणी शिरते, गंज धरतो आणि गंजाच्या खड्ड्यातून भेग सुरू होते. घर्षणामुळे आणखी एक गोष्ट घडते. लहान धक्क्याला पाटे एकमेकांत अडकून राहतात आणि स्प्रिंग हलतच नाही. रिकाम्या ट्रकमध्ये बसणाऱ्यास जी दाणदाण जाणवते तिच्यात या अडकण्याचा मोठा वाटा असतो. मात्र हेच घर्षण उसळी शमविण्याचे काम फुकटात करते, हेही सांगितले पाहिजे. संमिश्र एकपाती स्प्रिंगमध्ये ते नसते. त्यामुळे तेथे शॉकअब्सॉर्बर चांगल्या स्थितीत असणे अत्यावश्यक ठरते.

काचतंतू का चालतात

स्प्रिंगचे काम ऊर्जा साठविणे व परत देणे हे आहे. म्हणून स्प्रिंगच्या पदार्थाची कसोटी ‘तो किती बळकट आहे’ ही नसून ‘एका किलोत तो किती ऊर्जा साठवू शकतो’ ही आहे. ही ऊर्जा सुरक्षित प्रतिबलाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि घनता व यंगचा गुणांक यांच्या प्रमाणात घटते. यंगचा गुणांक म्हणजे पदार्थाचा ताठपणा. सामान्यतः ताठपणा हा गुण मानला जातो. स्प्रिंगच्या बाबतीत तो उणेपणा आहे. जो पदार्थ वाकतच नाही, तो ऊर्जा तरी कोठे साठविणार?

पोलादाचा यंगचा गुणांक सुमारे २०७ गिगापास्कल आणि घनता प्रति घनमीटर ७,८५० किलोग्रॅम असते. एकाच दिशेने काचतंतू असलेल्या इपॉक्सी पट्टीसाठी हेच आकडे अनुक्रमे सुमारे ४० गिगापास्कल आणि २,००० किलोग्रॅम. वारंवार येणाऱ्या भाराखाली पोलादाला ६०० मेगापास्कल आणि काचतंतूंच्या पट्टीला ४०० मेगापास्कल एवढेच प्रतिबल द्यावयाचे असे धरले, तर एक किलो पोलाद सुमारे ११० जूल आणि एक किलो संमिश्र पदार्थ सुमारे १,००० जूल ऊर्जा साठवितो. पोलाद अधिक प्रतिबल सोसत असूनही नऊपट मागे पडते. दुसऱ्या शब्दांत, त्या प्रतिबलाला पोलाद स्वतःच्या लांबीच्या ०.३ टक्के ताणले जाते, तर काचतंतू १ टक्का. मुरड घातलेल्या प्रत्यक्ष पट्टीत सर्व थर सारखे ताणले जात नसल्यामुळे हे आकडे दोन्ही पदार्थांसाठी कमी होतात. परस्पर प्रमाण मात्र तेच राहते.

कार्बनतंतू याहून हलके व बळकट असतात, पण ते ताठ आणि महाग आहेत. शिवाय पोलादाच्या संपर्कात पाणी आले की त्यांच्यामुळे शेजारचे पोलाद जलद गंजते. त्यामुळे रस्त्यावरच्या साध्या वाहनांच्या स्प्रिंगसाठी स्वस्त काचतंतूच पसंत केले गेले. येथे सर्वांत भारी पदार्थ हाच सर्वांत योग्य पदार्थ ठरत नाही.

रचना व निर्मिती

पोलादी जुडग्याच्या जागी बहुधा एकच संमिश्र पट्टी येते. तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहावेत यासाठी पट्टीच्या प्रत्येक छेदाचे क्षेत्रफळ सारखेच ठेवतात आणि आकार तेवढा बदलतात : मध्याशी ती जाड व अरुंद, टोकांकडे पातळ व रुंद. मध्याशी जाडी लागते, कारण वाकविणारे बल तेथे सर्वाधिक असते. पोलाद कापून निमुळते करता येते. तंतुमय पट्टी तशी कापली, तर कापलेल्या प्रत्येक तंतूचे टोक हे भेगेचे आरंभस्थान बनते.

निर्मितीच्या पद्धती अनेक आहेत. रेझीनमध्ये भिजविलेल्या तंतूंचे वेढे साच्यावर घेणे ही त्यांतील एक. मोठ्या प्रमाणावर पहिली यशस्वी स्प्रिंग याच रीतीने बनली. अगोदरच रेझीन लावलेल्या, अर्धवट घट्ट झालेल्या पट्ट्या थरावर थर रचून गरम साच्यात दाबणे ही दुसरी. कोरडे तंतू बंद साच्यात ठेवून दाबाने रेझीन आत सोडणे ही तिसरी, आणि अलीकडच्या मोठ्या उत्पादनात तीच पुढे आहे. कारण लवकर घट्ट होणाऱ्या पॉलियुरेथेन रेझीनमुळे साचा काही मिनिटांत मोकळा होतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत मात्र हाताने थर लावण्याची पद्धत रूढ आहे. त्या पद्धतीत हवेचे बुडबुडे राहतात आणि दोन पट्ट्या कधी अगदी सारख्या होत नाहीत. म्हणून अशा एखाद्या पट्टीच्या चाचणीवरून कारखान्यातील उत्पादनाविषयी अनुमान काढताना सावधगिरी बाळगावी लागते.

इतिहास

घोडागाड्यांसाठी लंबवर्तुळाकार पाटा-स्प्रिंगचे एकस्व ओबाडाया इलियट याने इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घेतले. मोटारगाडी आली तेव्हा तिने ही स्प्रिंग घोडागाडीकडूनच उचलली.

संमिश्र स्प्रिंगचा व्यापारी आरंभ १९८१ मध्ये झाला. अमेरिकेतील जनरल मोटर्सने आपल्या शेव्हरोले कॉर्व्हेट या मोटारीच्या मागील चाकांसाठी आडवी बसविलेली काचतंतू-इपॉक्सीची एकच पट्टी वापरली. तिच्याआधीचे दहा पाट्यांचे पोलादी जुडगे १८ ते २० किलोग्रॅमच्या आसपास होते. नवी पट्टी चार किलोग्रॅमच्याही आत भरली. १९८४ च्या कॉर्व्हेटमध्ये पुढील चाकांनाही अशीच पट्टी आली आणि २०१९ पर्यंत ही योजना टिकली. त्यानंतर इंजिन मध्यभागी नेणाऱ्या नव्या रचनेत गुंडाळीच्या स्प्रिंग आल्या. हा बदल पट्टी कमकुवत ठरल्यामुळे झाला, असे समजणे चूक होईल. वाहनाची मांडणीच बदलली होती.

युरोपात मर्सिडीझ-बेंझच्या स्प्रिंटर या व्हॅनच्या पुढील चाकांसाठी काचतंतूंची आडवी पट्टी रूढ झाली. व्होल्व्होने २०१५ च्या एक्ससी९० मध्ये मागील चाकांना पॉलियुरेथेन रेझीनची आडवी पट्टी दिली आणि गुंडाळीच्या पोलादी स्प्रिंगच्या तुलनेत वाहनामागे ४.५ किलोग्रॅम वाचविले. जागाही वाचली, हा त्या कंपनीच्या दृष्टीने तेवढाच महत्त्वाचा लाभ होता. औडीने याच सुमारास ए६ च्या एका प्रकारासाठी काचतंतूंची गुंडाळीचीच स्प्रिंग काढली, २.७ किलोग्रॅमच्या पोलादी स्प्रिंगच्या जागी ती सुमारे १.६ किलोग्रॅमची होती.

या बहुतेक उदाहरणांत एक समान गोष्ट आहे. पट्टी आडवी बसविलेली असून आस जागेवर ठेवण्याचे काम वेगळ्या दांड्यांकडे आहे. पट्टीकडे केवळ स्प्रिंगचे काम उरते, आणि तेथे ती उत्तम चालते.

भारतात या विषयावर विपुल शैक्षणिक संशोधन झाले. शिवशंकर आणि विजयरंगन यांचा २००६ चा निबंध त्यांत वारंवार उल्लेखिला जातो. हलक्या वाहनाच्या बहुपाती पोलादी स्प्रिंगच्या जागी त्यांनी समान छेद-क्षेत्रफळाची काचतंतूंची एकच पट्टी हाताने घडवून तिची चाचणी घेतली. टोकांच्या जोडांसह वजन सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी नोंदविले. त्या निबंधाचा लक्षणीय भाग टोकाच्या जोडांच्या विश्लेषणाला दिलेला आहे. त्यानंतर निघालेल्या असंख्य महाविद्यालयीन प्रकल्पांत मात्र हा भाग पुष्कळदा गळून पडतो. संगणकावर पट्टी वाकविली जाते, प्रतिबल व वजन कमी आल्याचे दाखविले जाते आणि जोडाजवळ लेख संपतो.

टोके आणि जोड

तंतूंच्या दिशेने ही पट्टी ९०० मेगापास्कलच्या आसपास ताण सोसू शकते. तंतूंना आडव्या दिशेने तिचे बळ त्याच्या विसाव्या हिश्शाइतकेच असते, कारण तेथे तंतूंचा उपयोग नाही. सगळी मदार रेझीनवर. पट्टीचे थर एकमेकांवरून सरकविणाऱ्या बलालाही ती फार कमी विरोध करते. पोलाद सर्व दिशांनी सारखेच बळकट असल्यामुळे लोहाराला टोक गुंडाळून वेटोळे करता येते. तंतुमय पट्टीचे टोक तसे गुंडाळले, तर भार येताच ते वेटोळे उलगडू पाहते आणि थर सुटू लागतात. म्हणून पोलादी वेटोळे वेगळे करून ते पट्टीला चिकटवितात, बोल्टने जोडतात किंवा दोन्ही करतात. बोल्टसाठी छिद्र पाडले की तंतू तुटतात. नुसते चिकटविले तर उष्णता व ओलावा यांनी चिकटा सैल पडण्याची भीती. वजनातील नफ्याचा एक भाग हे पोलादी तुकडे परत घेतात.

मध्याशीही अडचण आहे. यू-बोल्ट आवळताना पोलाद दबत नाही. रेझीन मात्र दीर्घकाळच्या दाबाखाली हळूहळू सरकते आणि आवळ सैल होते. त्यासाठी मध्यभागी रबराचे अथवा पॉलियुरेथेनचे अस्तर व रुंद पोलादी तळ देतात. अर्थात ट्रकवर ही पट्टी चढवायची, तर मिस्त्रीला पान्याचा जोर किती लावायचा हेही नव्याने शिकावे लागेल.

सुरक्षिततेचा मुद्दा दोन्ही बाजूंनी सांगितला जातो. काचतंतूंची पट्टी थकत जाताना उभी चिरते, ताठपणा कमी होतो, गाडी त्या बाजूला बसते. चालकाला सूचना मिळते. पोलादी पाटा भेगेतून अचानक तुटतो. परंतु पोलादी जुडग्यात मुख्य पाट्याचे वेटोळे तुटले, तरी दुसऱ्या पाट्याचे टोक त्याच्याभोवती वळविलेले असल्यास आस जागेवर राहतो. एकपाती रचनेत असा दुसरा धनी नसतो. म्हणून जेथे आसाचा ताबा पट्टीकडेच आहे तेथे वेगळे दांडे किंवा पोलादी सुरक्षा-पाटा जोडणे शहाणपणाचे ठरते, आणि त्याने खर्च वाढतो.

साकोली परिसरातील वापराची परिस्थिती

साकोली नागपूरपासून सुमारे १०० किलोमीटरवर, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आहे. सुरतेकडून नागपूर, रायपूरमार्गे ओडिशाच्या किनाऱ्याकडे जाणारा हा मार्ग पोलाद, कोळसा, सिमेंट व धान्य यांच्या वाहतुकीचा आहे. साकोलीहूनच एक रस्ता लाखांदूर-वडशामार्गे गडचिरोलीकडे वळतो. जिल्हा धानाचा, पाऊस वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटरच्या घरात, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो.

उन्हाळ्याची भीती अवाजवी आहे. चांगल्या इपॉक्सीचा मऊ होण्याचा बिंदू १०० अंशांच्या पुढे असतो. तापलेल्या डांबराजवळही पट्टी तेथवर पोचत नाही. लक्ष द्यावे लागते ते ब्रेकच्या तापलेल्या ड्रमकडे, आणि त्याहून अधिक पावसाळ्याकडे. उडालेल्या गिट्टीने पृष्ठभागाचा थर खरचटला की पाणी तंतू व रेझीन यांच्या सांध्यात शिरते आणि ताणाखालील काच ओलाव्यात हळूहळू दुबळी होते. पट्टीवर जाड संरक्षक लेप देतात तो यासाठी. गिट्टीचा रस्ता हा काचतंतूंचा उन्हापेक्षा मोठा वैरी आहे.

खरा प्रश्न भाराचा आहे. केंद्र शासनाने २०१८ मध्ये चार टायरच्या एकेरी आसाची कायदेशीर भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. एकूण वजनाला मर्यादा असल्यामुळे गाडीचे स्वतःचे वजन जेवढे घटेल तेवढा माल कायद्याने जास्त नेता येतो. समजा, एखाद्या ट्रकचे सर्व पाटे मिळून २५० किलोग्रॅम असून संमिश्र पट्ट्या जोडांसह ८० किलोग्रॅमच्या झाल्या. वाचलेल्या १७० किलोग्रॅममध्ये धानाची ४० किलोची चार पोती बसतात, आणि ती प्रत्येक फेरीला बसतात. इंधनातील बचत याच्यापुढे किरकोळ आहे. पण हा हिशेब मर्यादा पाळणाऱ्यालाच लागू पडतो. जो मालक मर्यादेच्या वर टनावारी माल भरतो, त्याला चार पोत्यांचे अप्रूप नसते. त्याला हवा असतो जादा पाटा. पोलादी जुडग्यात तो दुपारच्या विसाव्यात टाकून मिळतो. संमिश्र पट्टीत पाटा ‘टाकता’ येत नाही. ती एका ठरलेल्या भारासाठी घडलेली असते.

म्हणून या पट्टीचा आरंभ ट्रकपासून व्हावा, हा आग्रह फारसा सयुक्तिक वाटत नाही. भार ठरलेला आहे, मालक एकच आहे आणि देखभालीचे वेळापत्रक आहे, अशी वाहने अधिक योग्य. साकोली येथे राज्य परिवहन महामंडळाचे आगार आहे आणि महामंडळाची विदर्भातील मध्यवर्ती कार्यशाळा नागपूरजवळ हिंगण्यात आहे. अशा एकछत्री व्यवस्थेत नव्या भागाची नोंद ठेवणे व वेळेवर बदलणे शक्य असते. गर्दीच्या दिवशी बसही ठरल्यापेक्षा जास्त भरते, हे खरे. तरी तिची कमाल मर्यादा ट्रकइतकी सैल नसते. रुग्णवाहिकेचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. तिचा भार दर फेरीला जवळपास तोच असतो आणि लाखांदुराकडून किंवा वडशाकडून नागपूरला नेल्या जाणाऱ्या रुग्णाला बसणारा प्रत्येक धक्का मोलाचा असतो. पाट्यांतले घर्षण गेले आणि आसाबरोबर उसळणारे वजन घटले, तर लहान धक्के रुग्णापर्यंत कमी पोचतात.

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या पर्यटनामुळे या भागात परिचित असलेली मारुती जिप्सी हे आणखी एक जवळचे उदाहरण. तिच्या चारही चाकांना पोलादी पाटे आहेत आणि तिचा कडक हेलकावा प्रसिद्धच आहे. भारतीय संशोधनातील पट्ट्या बहुतांशी अशाच हलक्या वाहनांसाठी आखलेल्या होत्या. परंतु जिप्सीत आस धरून ठेवण्याचे काम पाटेच करीत असल्यामुळे वर सांगितलेली जोडाची अडचण तेथेही सुटत नाही.

दुरुस्ती आणि भंगार

महामार्गालगत पाटे दुरुस्त करणारी दुकाने असतात. त्यांची हत्यारे साधी : भट्टी, घण, ऐरण, तेलाची टाकी. बसलेल्या पाट्याला पुन्हा कमान दिली जाते, तुटलेला पाटा तेवढाच बदलला जातो, आणि गाडी त्याच दिवशी सुटते. या कामाची प्रत उष्णता ओळखणाऱ्या नजरेवर अवलंबून असते आणि कारखान्यातील गोळ्यांचा मारा रस्त्याकडेला होत नाही, म्हणून असा पाटा नव्याइतका टिकत नाही. तरीही तो परवडतो. संमिश्र पट्टी चिरली की ती बदलणे हाच उपाय. तिची किंमत किलोमागे पोलादाच्या कित्येक पट असते. वजन पाचव्या हिश्शावर आल्याने हे अंतर कमी होते, पण मिटत नाही. शिवाय पाटा तुटला की पोलाद कोणत्याही गावात मिळते, विशिष्ट गाडीची विशिष्ट पट्टी मात्र मागवावी लागते.

तुटलेल्या पोलादी पाट्याचे आयुष्य तेथे संपत नाही. त्यातील कार्बनचे प्रमाण अवजारासाठी योग्य असल्याने लोहार त्यापासून विळे, कोयते, कुऱ्हाडी, वासले घडवितात. पाण्यात किंवा तेलात बुडविल्यावर धार धरणारे पोलाद त्यांना याहून स्वस्त मिळत नाही. उरलेले भंगार भट्टीत वितळून पुन्हा पोलाद होते. इपॉक्सीची पट्टी वितळत नाही. तिचा चुरा भर म्हणून वापरता येतो किंवा ती सिमेंटच्या भट्टीत जाळता येते. तेथे रेझीन इंधनाचे काम करते व काचेतील सिलिका सिमेंटच्या कच्च्या मालात मिसळून जाते. विदर्भात सिमेंटचे मोठे कारखाने चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. उष्णतेने पुन्हा मऊ होणाऱ्या रेझीनची पट्टी हा याला पर्याय आहे; मात्र दीर्घकाळच्या भाराखाली ती अधिक सरकते.

अन्य पर्याय

वजन कमी करण्यासाठी संमिश्र पदार्थ हाच एक मार्ग नाही. लांबीनुसार जाडी बदलत नेलेले, एकमेकांना केवळ मध्य व टोकांशी स्पर्श करणारे एक ते तीन पॅराबोलिक पोलादी पाटे जुन्या जुडग्याच्या तुलनेत वजन साधारण एक-तृतीयांशाने घटवितात. त्यांत घर्षणही फारसे राहत नाही आणि टोकाचे वेटोळे पोलादाचेच असते. भारतीय ट्रक व बसमध्ये हा बदल मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. लांब पल्ल्याच्या आरामबसमध्ये हवेच्या फुग्यांचे सस्पेन्शन रूढ झाले आहे. ते भाराप्रमाणे ताठपणा बदलते, पण त्याला कॉम्प्रेसर, झडपा आणि आस धरणारे दांडे लागतात. असे दांडे असलेल्या गाडीत फुग्याच्या जागी किंवा त्याच्या जोडीला काचतंतूंची पट्टी बसविणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. मुख्य पाटा पोलादी आणि त्याखालचा साहाय्यक पाटा संमिश्र, अशी मिश्र जुळणीही करतात. तिच्यात वेटोळे व आसाचा ताबा पोलादाकडे राहतो आणि वजन निम्म्याच्या आसपास खाली येऊ शकते.